सहा वाजताची अट

छपाईवाल्या काकांनी एका बोटाने 'नॉट' टाइप केलं, पुढे 'ट्रू' लिहिलं आणि बटण दाबलं. पडद्यावर 'फॉल्स' आलं. त्यांनी 'नॉट' खोडलं, तर लगेच 'ट्रू'. ते पुन्हा पुन्हा तेच करत राहिले.

'अँड'ला दोन्ही गोष्टी खऱ्या लागतात, हे मॅडमनी प्रोग्रॅमिंगच्या नवशिक्यांच्या वर्गाला आधीच समजावलं होतं. 'नॉट' मात्र उलट्या डोक्याचा, त्या म्हणाल्या, हो म्हटलं की नाही म्हणणार. वर्ग हसला. काका हसले नाहीत. या वयात शिकवणी लावायची त्यांना हौस नव्हती. भुताने लावायला लावली होती, आणि भूत त्यांचं स्वतःचंच होतं.

काकांचा जन्म वर्तमानपत्राच्या छापखान्यात, रात्रपाळीत गेला. दुपारी निघायचं, पहाटे परतायचं. बायको गेली तशी त्यांनी नोकरी सोडली. घरी बसल्या पहिल्याच संध्याकाळी, सहा वाजता, स्वयंपाकघरातून त्यांचाच आवाज आला. "आलो गं." दार बंद होतं, काका खुर्चीत होते, हातातला पेला मात्र फरशीवर होता.

बायकोने शेवटच्या वर्षी घरबसल्या प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं होतं. अभ्यासाला हवंय म्हणून तिने एकदा त्यांच्याकडून हे दोन शब्द बोलून घेतले होते. काका सदरा काढता काढता वैतागून बोलले होते, आणि तो वैतागही आता रोज ऐकू येई. नात इतकी घाबरली की लेकीने स्पष्ट सांगितलं, ते बंद होईपर्यंत आम्ही घरी यायचो नाही. नातीवाचून काकांना करमेना. पण स्वयंपाकघरातल्या तिच्या छोट्या कॉम्प्युटरची वायर उपटायला गेलं की हात मागे येई. तिच्या हातचं चालू असलेलं घरात तेवढंच उरलं होतं. चूक कळली तर निदान चूक तेवढी काढता येईल, असं त्यांच्या मनाने घेतलं.

वर्ग सुटल्यावर त्यांनी पेनड्राइव्ह मॅडमपुढे ठेवला.

"आमच्या हिने लिहिलंय. कुठेतरी चुकलीय ती."

मॅडमना फार शोधावं लागलं नाही. सहा वाजले असतील 'अँड' काका घरात असतील, तर आवाज लावायचा, असा सरळ मामला होता. मध्ये एक 'नॉट' घुसला होता, म्हणजे काका घरात नसतील तरच आवाज. नवशिके जुनी ओळ पुसत नाहीत, पुढे खूण टाकून झोपवून ठेवतात. तीही वरच होती, 'नॉट'शिवायची.

"आधी बरोबर होतं की काका. मग उलटं का केलं त्यांनी?"

काकांनी त्या 'नॉट'वर बोट ठेवलं.

"सहाला मी घरी कधी नसायचोच," ते म्हणाले.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी काका घरी असले, तर तो आवाज गप्प राही. म्हणून ती असेपर्यंत त्यांनी तो कधी ऐकलाच नव्हता.

"पण आता तर मी घरातच असतो."

"ते तुमच्या फोनवरून ओळखतं. फोन घरात, तर तुम्ही घरात."

"तो छापखान्याचा होता. सोडताना परत केला."

"मग प्रोग्रॅमच्या लेखी तुम्ही अजून आलेलाच नाहीत, काका," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. नवा फोन जोडला की आवाज थांबेल, एका ओळीचं काम आहे, असंही त्यांनी सांगितलं.

काकांनी विचारलं, "यात तिचा आवाज आहे का कुठे?"

मॅडमनी सगळं उघडून पाहिलं. ध्वनिमुद्रण एकच होतं. तिला स्वतःचा आवाज कशाला लागणार होता?

काकांनी खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला.

"हा जोडा," ते म्हणाले. "कळू दे तिला, मी आलोय म्हणून."

मॅडमनी ओळ बदलून पेनड्राइव्हवर उतरवून दिली. उद्यापासून सहा वाजता घरात कोणी काही बोलणार नव्हतं.