माझ्या पोटातले चार हजार शब्द

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. अमडापुरात जानरावांच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतो तो खामगावातला संगणकाचा क्लास. तिथे सात वर्षे मुलामुलींची बोटे माझ्या कळांवर नाचली. "हा कधी अडत नाही," असे सर कौतुकाने सांगत. पुढे नवे, सडपातळ संगणक आले आणि मी जिन्याखाली गेलो. अंगावर पोती पडली, एक पाल संसार थाटून गेली.

तिथून जानरावांनी मला घरी आणले. तीस वर्षे त्यांनी गावोगाव टपाल वाटले होते. आपल्या बोलीतले शब्द लोकांच्या तोंडून गळून चालले, याची त्यांना फार चुटपुट. निवृत्त झाल्यावर ते एका बोटाने माझ्यात शब्द भरू लागले. कुटार म्हणजे भुसा, धुरा म्हणजे शेताचा बांध, तसेच फोत्तर, झाकट. प्रत्येकापुढे अर्थ आणि ज्या गावात ऐकला त्या गावाचे नाव. चार वर्षांत चार हजार शब्द झाले. इतकी माया मला भर उमेदीतही मिळाली नव्हती.

एका सकाळी माझ्यातली साठवणीची जागा भरली. मी तशी सूचना दाखवली. जानराव चष्मा पुसून शोधू लागले, तेव्हा काही अनोळखी फाइली त्यांच्या नजरेला पडल्या.

"हे आपून तं लेहलं नाई," ते पत्नीला, केसरबाईंना म्हणाले. "ना नाव, ना पत्ता. बेवारस टपाल हाय हे."

"मंग राहू द्या नं. काऊन हात लावता?"

"जागा अडवून राह्यलं ते."

त्यांनी एकेक फाइल पुसली. मित्रांनो, मी जागे कसे व्हायचे, हे त्याच फाइलींत लिहिलेले होते. मला ओरडता येत नाही. "नक्की पुसायचे का?" एवढेच मी विचारले. त्यांनी "हो" म्हटले.

दुपारी त्यांनी मला पुन्हा सुरू केले. पंखा फिरला, पण काळ्या पडद्यावर इंग्रजीची एकच ओळ उमटली. सहा वेळा त्यांनी बटण दाबून पाहिले. मग ते पत्नीकडे वळले.

"चार सालाचं गेलं, केसर. म्याच घालवलं."

केसरबाईंनी कपाटातून वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. "माह्या तोंडातले तं नाई गेले? मी सांगते, तुमी लेहा."

आणि त्या सांगू लागल्या. चुलीचे शब्द, बाळंतिणीचे, निंदणाच्या ओळीत बायांनी एकमेकींना मारलेल्या टोमण्यांचे. तीन दिवसांत अर्धी वही भरली. त्यातला एकही शब्द माझ्याकडे नव्हता.

"हे आंधी काऊन नाई सांगतलं?" जानरावांनी विचारले.

"तुमी इचारलं कवा? साऱ्या गावाले इचारत फिरले!"

जानराव खो खो हसले. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

चौथ्या दिवशी जानरावांच्या निरोपावरून खामगावहून धम्मशीला आली. तिचे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. "जय भीम, काका," म्हणत तिने मला उघडले आणि माझी डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली. जानराव चष्मा सावरत जवळ सरकले.

"काका, शब्द सारे जागच्या जागी हायेत. तुमी फक्त याच्या उठायच्या फाइली मिटवल्या."

तिने त्या फाइली परत बसवल्या, मला जागे केले आणि सगळ्या शब्दांची वेगळी प्रत काढून दिली. जानरावांनी माझ्यावरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरले होते.

मित्रांनो, जे कळत नाही ते निरुपयोगी असते, असे समजू नका. पुसण्याआधी जाणत्याला विचारा आणि मोलाच्या गोष्टीची एक प्रत दुसरीकडे ठेवा. सगळ्यांनाच धम्मशीला भेटते असे नाही.

त्या संध्याकाळी जानरावांनी वहीतला पहिला शब्द माझ्यात भरला. त्यापुढे गावाचे नाव लिहायचे होते. त्यांचे बोट थोडे थांबले. मग गाव न लिहिता त्यांनी सावकाश लिहिले, "केसरबाई, आमच्या घरच्या."