भिंतीची बावीस भोकं

आपल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये एक तरी असा ग्रुप असते पाहा, जो रोज सकाळी उठून कोणाले ना कोणाले चोर ठरवते. गोंडपिपरीच्या विक्कीचा ग्रुप किल्ल्यांचा होता. नाव 'गडराखे'. मोबाइल दुरुस्तीच्या त्याच्या दुकानात, चार्जरच्या वायरींच्या बाजूले, खिळ्याले एक लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, टांगली होती अन् तिले चिठ्ठी लावली होती, 'गुप्तधन चोराची सब्बल'. गिऱ्हाईक आलं का पहिले तिच्याकडंच पाहे. मंग विक्की दुरुस्तीचा मोबाइल बाजूले ठेवे अन् त्याले व्हिडिओ दाखवे.

व्हिडिओ मे महिन्यातला. कोसमटोल्याचा किल्ला म्हणजे काई लय मोठा नाई. गोंडराजाच्या काळचा एक बुरूज अन् शंभरेक पावलांची उंच भिंत, बस. आतून मातीचा भराव, बाहेरून दगड, अन् पायथ्याशी सहा-सात घरं. रविवारी पोरं साफसफाईले गेले तं काय दिसलं, एक बुढा भिंतीच्या भोकात सब्बल घालून खसाखसा ढोसून राह्यला! विक्कीनं तिथंच मोबाइल काढला.

"काऊन भाऊ, सोनं सापडलं का?"

बुढा म्हणजे पत्रू मडावी. भिंतीले लागून पहिलं घर त्याचंच. त्यानं पाण्याचं काई तरी सांगतलं, पण पोरं इतके हासत होते का व्हिडिओत ते ऐकूच येत नाई. हासणं तेवढं ऐकू येते. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ चंद्रपूरपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी पत्रूले ठाण्यात बसवलं. दिवसभर बसवलं अन् दम देऊन सोडलं, का परत भिंतीले हात लावशीन तं आत जाशीन. सब्बल विक्कीनं आपल्याकडंच ठेवली.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पोरांच्या अंगात जोर आला होता ना! पुढच्या रविवारी सिमेटाचे पोते आणले अन् भिंतीतले सगळे भोकं बुजवून टाकले. मोजून बावीस. वरतून ऑइलपेंटनं हातभर अक्षरात 'गडराखे' लिहिलं. अन् तहसिलीत एक अर्जही केला, का भिंतीजवळची सगळी घरं अतिक्रमण आहेत, हटवा. खाली पहिली सही विक्कीची.

त्या दिवसापासून कोसमटोल्यात पोरांले कोणी पाणी पाजेना. पत्रूची बायको धुरपताबाई तं गाड्या आल्या का शेणाची बादली घेऊन उभी राहे. विक्की म्हणे, पाहा, चोराच्या बायकोले किती मिरची लागली.

पंधरा ऑगस्टले बुरजावर झेंडा लावाचं ठरलं. चार दिवसांची पावसाची झड नुकतीच उघडली होती. पोरं गाड्या लावून उतरले अन् विक्कीची नजर भिंतीवर गेली. त्याच्या ग्रुपचं नाव वाकडं झालं होतं. अक्षरं नाई, भिंतच वाकडी झाली होती! मधातला भाग पोट आल्यासारखा फुगून पत्रूच्या ढोरांच्या कोठ्यावर झुकला होता. घरातलं सामान अंगणात होतं. गाठोडी, कणगी, कोंबड्या झाकलेला टोपला.

"या, साहेब," धुरपताबाई म्हणाली. "झेंडा मंग लावा. पहिले हे पाहा."

विक्की चिडला. त्यानं बोलाची सुरवातच उलटी केली. म्हणे, तुमच्या बुढ्यानं खोदून खोदून भिंत खिळखिळी केली म्हणूनच हे झालं.

धुरपताबाईनं बादली खाली ठेवली. "कान लाव भिंतीले."

"काऊन?"

"लाव ना. तुह्या बापजाद्यांचा किल्ला आहे म्हणतं नं?"

पोरं हासले. विक्कीनं रागारागातच कान लावला. आत खळखळ होत होती. दगडाच्या पल्याड कोणी तरी हंडे रिचवून राह्यलं असं वाटे.

"ज्यानं हे भिंत बांधली," धुरपताबाई बोलत होती, "त्याले काय दगड कमी पडले होते म्हणून भोकं सोडले? वरचं पाणी मातीत मुरते, मातीतून भोकानं भायेर येते. इथी दर घराच्या वाट्याले भोकं आहेत, बापू. आमच्या वाट्याले चार. सून आली का सासू तिले पहिले भोकं दाखवते, मंग चूल. दरसाली रोहिणीत, पावसाच्या तोंडावर, आम्ही ते मोकळे करतो. सोन्यासाठी नाई. भिंत पडली तं आमच्याच डोक्यावर पडते म्हणून. तू रविवारचा येते. आम्ही हिच्या खाली झोपतो."

विक्कीनं भिंतीवरून कान काढला. तेवढ्यात त्याचा दोस्त अतुल मागून कानात म्हणाला, "पडू दे ना बे. अतिक्रमण आपोआप हटते."

अतुल हासत होता. व्हिडिओत हासला होता तसाच. विक्कीनं त्याच्याकडं पाह्यलं अन् तो त्याच्यापासून दोन पावलं दूर सरकला. कारण दोन मिनिटं पहिले भिंत पाहून त्याच्याही मनात नेमकं हेच आलं होतं! किल्ला राखाले निघाला होता तो. अन् आता त्याचा ग्रुप किल्ला पडाची वाट पाहून राह्यला होता, खाली माणसं असताना.

तो पत्रूकडं गेला. पत्रू खाटेवर बसून होता. विक्की म्हणाला, भाऊ, भोकं खोलून द्या, आम्ही सगळे हात लावतो.

"मी हात लावला का चोर," पत्रू म्हणाला. "तूच खोल."

"मले जमत नाई."

"बुजवाले जमलं."

मंग पत्रूनं खाली पाहतच म्हटलं, "माही सब्बल कुठी आहे?"

विक्कीनं गाडीले किक मारली. गोंडपिपरी चौदा किलोमीटर. चिखलात दोनदा पडला. दुकानात शिरला, खिळ्यावरून सब्बल काढली, चिठ्ठी फाडली अन् तसाच माघारी फिरला. तोवर घरं रिकामी करून लोक शाळेत नेले होते. अर्धा ग्रुप अतुलसंग निघून गेला होता.

पत्रूनं सब्बल हातात घेतली, अंगठ्यानं टोक पाह्यलं. भिंतीच्या फुगलेल्या पोटासमोर कोणी उभं राहू नका म्हणाला. पहिले वरची ओळ, मंग खालची, अन् बाजूनं उभं राहून. पहिलं भोक त्यानं फोडलं. सिमेटाचा गठ्ठा उडाला अन् मांडीएवढी लाल पाण्याची धार अंगणात पडली! दुसरं भोक विक्कीनं फोडलं. तिसरंही. हाताले फोड आले, फुटले, तरी तो थांबला नाई.

सतराव्या भोकाले पत्रू ओरडला, "सरका!"

मधातली भिंत बसली. मोठा आवाज नाई झाला, नुसता घसरल्यासारखा झाला, अन् पत्रूचा कोठा दगडाखाली गेला. 'गडराखे' नावाचं एक अक्षरही उरलं नाई. पण दोन्ही बाजूची भिंत उभी राह्यली, बुरूज उभा राह्यला, घर वाचलं. माणूस एकही दबला नाई.

विक्कीनं त्याच जागी उभं राहून मोबाइल काढला अन् स्वतःचाच व्हिडिओ केला. मे महिन्यात ह्या भाऊले मी चोर म्हटलं, चोरी मी केली, ह्या भिंतीचा श्वास मीच बंद केला, असं सगळं बोलला. त्या व्हिडिओत हासणं नाई. पण पहिल्यासारखा तो कोणी फिरवलाही नाई, हेही सांगून ठेवतो. अर्ज त्यानं दुसऱ्याच दिवशी वापस घेतला, अन् कोठा उभा होईपर्यंत दर रविवारी दगड वाह्यले.

धुरपताबाईनं त्याले चहा पाजला नाई. आजही पाजत नाई. फक्त शेवटच्या रविवारी, तो गाडीले किक मारत असताना, म्हणाली, "रोहिणीत ये. खालचे दोन भोकं तुह्या वाट्याले."

विक्कीच्या दुकानात आता तो खिळा रिकामा आहे. गिऱ्हाईक इचारते, इथची सब्बल कुठी गेली? विक्की म्हणते, घरी गेली, मालकाच्या. मंग पुढचं सांगते. तेच तुम्हालेही सांगाचं आहे. दोस्तहो, किल्ला राखाले निघाले असान तं जरूर निघा. पण सिमेटाचं पोतं उचलाच्या पहिले त्या भिंतीखाली कोण राहते, अन् एवढी वर्षं ते भिंत कोणाच्या हातानं उभी राह्यली, हे त्याच्या अंगणात जाऊन इचारा. इचारताना हासू नका. नाई तं उत्तर ऐकू येत नाई.