जायला एक गिअर, यायला पाच

नितेशच्या गोठ्यात तीन ट्रॅक्टर बांधलेले असत. बांधलेले म्हणजे खरोखरच दाव्याने. गोठ्याची जमीन उताराची, आणि तिघांपैकी एकालाही ब्रेक नव्हता. गुरं विकली तेव्हा दावी खुंटीलाच राहिली होती, ती अशी कामाला आली.

"आधीची जनावरं शेण तरी देत हुती," आनंदीबाई, म्हणजे त्याची आई, शेगडीला विकतचा सिलिंडर लावताना म्हणायची. "ही नुसती तेल पितात आनि उभी ऱ्हातात. तुज्या बापासारखी."

संगमेश्वर तालुक्यातल्या त्या वाडीत ट्रॅक्टर नांगराला जुंपणं शक्यच नव्हतं. खाचरं एवढी चिंचोळी, की पुढची चाकं आपल्या शेतात असली तर मागची भावकीच्या. नांगरणीच्या आधी भांडण. पण नितेशला नांगरायचं नव्हतंच. मुंबईत गॅरेजात कामाला असताना त्याला जुन्या ट्रॅक्टरांचं वेड लागलं होतं. तो नोकरी सोडून गावी आला आणि घाटावरच्या भंगारवाल्यांकडून एकेक मढं उचलून आणायला लागला. गंज खरवडायचा, इंजिन खोलायचं, नवा रंग मारायचा, आणि मग अंगणात उभा करून बघत बसायचं. दारू असती तर वाडीला निदान समजलं असतं.

तिघांतला लाल ट्रॅक्टर त्याचा जीव की प्राण. तो ज्या देशात बनला तो देशच पुढे मोडला. देशाचेच दोन तुकडे झाले, तिथे ट्रॅक्टरचे पार्ट कोण देणार? तरीही नितेशने गिअरपेटी उघडली, मागचा धुरा उघडला, सगळं रॉकेलमध्ये धुतलं, आणि एका परक्या भाषेतला व्हिडिओ बघत बघत परत जोडलं. जेवून आल्यावर पेंगत जोडलं, हे त्याचं चुकलं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारं एक मोठं दातेरी चाक असतं, मेकॅनिक त्याला क्राऊन म्हणतात. ते डाव्या बाजूला बसायला हवं होतं. उजव्या बाजूलाही ते अगदी छान बसतं. नितेशने ते छान बसवलं.

पहिल्यांदा चालू करायच्या दिवशी सगळी वाडी जमली. चाकाखाली नारळ ठेवला. नितेशने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि ट्रॅक्टर ताठ मानेने मागे गेला. गोंधळून त्याने दुसरा टाकला. ट्रॅक्टर दुप्पट वेगाने मागे गेला आणि अंगणाच्या कडेच्या गवताच्या उडवीत शिरला. नारळ जसाच्या तसा राहिला.

उडवीभोवती माणसं जमली. वाडीचे प्रमुख, गावकर केरूतात्या वाकून आत बघत म्हणाले, "नित्या, हाईस का? आनि ह्यो मागं कशापायी गेला?"

नितेशच्या तोंडात गवत होतं. खरं उत्तर तीन शब्दांचं होतं: चाक उलटं बसलं. पण बाहेर सगळी वाडी उभी होती आणि त्यात आई होती.

"तसाच बनवलाय," तो म्हणाला.

"तसाच म्हंजे?"

"मॉडिफाय केलाय. कोकण मॉडेल." एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. "आपल्याकडे वळवायला जागा कुठे असते, तात्या? म्हणून जायला एक गिअर, यायला पाच."

वाडी विचारात पडली. केरूतात्यांनी मान डोलावली. "बराबर हाय. आपला मानूस मुंबयला जाताना पाय वडत जातो आनि गनपतीला येताना धावत येतो. ट्रॅक्टर पन तसाच पायजे."

त्यापुढे चाक सुलट बसवणं सोपं होतं, पण बसवलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. माघी गणपतीच्या पूजेला मंडळाने नितेशला शाल आणि श्रीफळ दिलं. मागे फलक लावला होता: 'कधीही मागे वळून न पाहणारा तरुण'. फोटोत नितेशचा चेहरा पोट दुखत असल्यासारखा आला. लोक "कोकण मॉडेल" म्हणाले की त्याचा घास तोंडात फिरायला लागे. आईला वाटलं, पोराला दृष्ट लागली. तिने मिरच्या ओवाळून जाळल्या. धूर असा काही झोंबला की नितेशने तेवढ्यात जरा रडून घेतलं.

मग एका सकाळी सखारामकाका आले. नितेशचे चुलते. त्यांच्याकडे एक निळा ट्रॅक्टर होता, नितेशच्या जन्माआधीचा, आणि वाडीत धडपणे चालणारा तेवढा एकच. चिरे, आंब्याच्या पेट्या, वेळ आली तर बाळंतीण, सगळं त्याच्यावरून जायचं. काकांच्या कलमांच्या बागेत जायची वाट दोन दगडी गडग्यांमधून जात होती. वळवायला जागा नाही. काका भरल्या ट्रॉलीसकट मान मागे वळवून सगळी वाट उलटे येत.

"त्या येका हळू गिअरात उलटं येऊन मान गेली रं माजी," काका म्हणाले. "तुज्यासारखा माजा पन उलटा करून दे."

"काका, ते... सगळ्या ट्रॅक्टरांना नाही जमत."

"बघितलंस?" काका आनंदीबाईंना म्हणाले. "गर्व नाय पोराला."

"तुमचा चांगला चाललाय. चांगल्याला कशाला हात लावायचा?"

"परक्या देशाच्या ट्रॅक्टराला हात लावलास, चुलत्याच्याला नाय लावनार?"

आनंदीबाई पदराला हात पुसत मध्ये पडल्या. "लावील, भाऊजी. न लावून सांगतो कुनाला! तुमी ठेवून जावा."

निळा ट्रॅक्टर ठेवून काका चालत घरी गेले. जाताना त्याच्या नाकाडावर थाप मारून म्हणाले, "घाबरू नको हां. घरचाच डॉक्टर हाय."

नितेशने धुरा उघडला. आतलं क्राऊन घासलेल्या पितळी ताटासारखं चकाकत होतं. काकांनी त्याची इतकी वर्षं नीट काळजी घेतली होती. दाताला दात कसा लागला होता, बघत राहावं. नितेश बघत राहिला. झाकण तसंच लावावं, तेल बदलावं आणि जमलं नाही म्हणून सांगावं, हे त्याला सुचलं. पण मग काका विचारतील, लाल कसा जमला? या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. म्हणजे होतं, आणि तीच तर अडचण होती.

लाल ट्रॅक्टरचं चाक त्याने चुकून उलटं बसवलं होतं. निळ्याचं त्याने मापं घेऊन, जेवायच्या आधी, शुद्धीत बसवलं. तशी नीट चूक जिल्ह्यात कुणी केली नसेल.

ट्रॅक्टर काकांच्या खळ्यात पोचवायचा तो दिवस शिमग्याआधीचा, मुंबईकरही आलेले. काकांनी ट्रॅक्टरला झेंडूची माळ घातली. कमळाकाकी नवं लुगडं नेसून चाकावरच्या पत्र्यावर बसली. पेट्या घेऊन बागेतून येताना तिची जागा तीच, आणि नव्या गिअरांची पहिली फेरी तिला हवी होती. नितेशने तिच्याकडे बघितलं. मग गडग्यांच्या वाटेकडे बघितलं. त्या वाटेने मागे सुटलेला ट्रॅक्टर, पाचवा गिअर, आणि पत्र्यावर काकी.

केरूतात्यांनी हात जोडले आणि वाडीच्या वतीने देवीला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. अशा वेळी बाकीच्यांनी काय करायचं हे पाळण्यातल्या पोराला पण ठाऊक असतं. प्रत्येक वाक्याला हुंकार द्यायचा.

"बा वाघजाई, आज तुज्या लेकराच्या दारात ह्यो टॅक्टर नवा होऊन आला..."

"व्हय म्हाराजा!"

"नितेशनं आपल्या हुशारीनं ह्याचं चाक फिरवलं..."

"व्हय म्हाराजा!"

"जसं त्येच्या लाल टॅक्टराला यश दिलंस, तसं ह्येला दी..."

"नको!" नितेश ओरडला.

गाऱ्हाणं मध्येच तोडायची रीत नाही. केरूतात्यांचे हात जोडलेलेच राहिले. लोक वाट बघत राहिले. नितेशला वाटलं, आता थांबलो तर देवीचाच अपमान होईल.

"चाक मी उलटं बसवलंय," तो म्हणाला.

"व्हय म्हाराजा!" वाडी खुशीने गरजली. त्याचसाठी तर सगळे जमले होते.

"लाल ट्रॅक्टरचं चुकून बसलं होतं. कोकण मॉडेल वगैरे काही नसतं. मला लाज वाटली म्हणून खोटं बोललो."

"व्हय म्हाराजा!"

आवाज सवयीने गेला, आणि गेल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की आपण कशाला हो म्हणालो. एक मुंबईकर मोबाईलवर शूटिंग करत होता, तो सुद्धा थांबला. केरूतात्यांनी डोळे मिटून गाऱ्हाणं कसंबसं पुरं केलं, "जा काय चुकलामाकला आसल ता सुधारून घे," आणि त्यावरचा हुंकार फक्त आनंदीबाईंनी दिला, तोही तोंडाला पदर लावून.

सखारामकाका ट्रॅक्टरजवळ आले.

"म्हंजे आता फुडं जायाचा नाय?"

"जाईल. हळू."

"आनि आदी पळत जायाचा."

"हो."

"खोललास तवा आत खराब हुता काय?"

"नाही, काका. एकदम चांगला होता."

काकांनी माळेतलं एक चुरगळलेलं फूल काढून टाकलं. "मंग नाय म्हनायचं हुतंस रं. मी काय मारलं असतं तुला?"

ते मारते तर बरं झालं असतं. नितेशला कान पुढे करावासा वाटला. पण काका तेवढं म्हणून चपला घालायला गेले.

"मी उतरत नाय," पत्र्यावरून कमळाकाकी म्हणाली. "असाच ने गोठ्यात आनि नीट कर. आंबा निघायच्या आदी. आनि फुडं तोंड करून ने."

पुढे तोंड करून जायचा गिअर एकच, मूळचा उलटा जायचा, म्हणजे गोगलगायीचा. नितेशने तो टाकला. ट्रॅक्टर निघाला. काका बाजूने चालत होते आणि सारखे थांबत होते, कारण चालताना ते पुढे जात होते. एक कोंबडी पुढे गेली. गुडघे धरलेले केरूतात्या पुढे गेले. प्रत्येक घरातून माणसं बाहेर येत होती.

"काय झालं गे कमळा?" पहिल्या घरातून विचारणा झाली.

"नितेशनं बिघडवला. नीट करायला नेतोय," काकी म्हणाली. चिडून नाही, भाताला पाणी किती घातलं ते सांगावं तशी.

पुढच्या घराला तेच वाक्य. त्याच्या पुढच्याला तेच. चौथं घर आलं तेव्हा काकीने तोंड उघडायच्या आत नितेशच म्हणाला, "मी बिघडवला. नीट करायला नेतोय." काकीच्या तोंडून ऐकण्यापेक्षा ते जरा कमी लागत होतं. जराच.

शेवटचं घर सखूआजीचं. आजी पडवीत काजू सोलत बसली होती आणि तिला कमी ऐकू येत होतं.

"मी बिघडवला!" नितेश ओरडला.

"काय?"

"मी बिघडवला, आजी!"

आजीने इंजिनाकडे बोट दाखवून मान हलवली. नितेशने इंजिन बंद केलं. अख्ख्या वाडीतला आवाज बंद झाला. काका खाली बघत उभे होते.

"सखारामकाकांचा चांगला ट्रॅक्टर मी बिघडवला," तो नीट, सावकाश म्हणाला. "लाल पण मीच बिघडवला. आणि सगळ्यांना खोटं सांगितलं."

आजीने एक काजू सोलून वाटीत टाकला.

"माका ऐकाय आलं," ती म्हणाली. "पन वरच्या वाडीक नाय गेलं."

पत्र्यावर काकीने पदर सावरला आणि वरच्या वाडीकडे बघितलं. तिथेही लोक बाहेर आले होते. नितेश उठून सीटवर उभा राहिला.