रबराचा डावा कोपरा

मित्रांनो, मोटारीत बसलात की तुम्ही खिडकीकडे धावता. मागे पळणारी झाडे बघता, हॉर्न दाबून बघता. चालवणाऱ्याच्या पायाशी, खाली अंधारात कोण राहते हे कोणी वाकून बघत नाही. तिथे आम्ही तीन भावंडे राहतो. उजवा वेग देतो, मधला थांबवतो आणि डावीकडचा मी. मी एक जुना क्लचचा पेडल आहे.

कारखान्यात मला लोखंडाच्या पट्टीतून कापले, वाकवले, काळा रंग दिला आणि डोक्यावर रबराची टोपी चढवली. माझे लहानपण एवढेच. माझे काम समजायला सोपे आहे. इंजिनाच्या पाठीशी फ्लायव्हील नावाचे एक जड चाक गरगर फिरत असते. क्लच त्याला मिठी मारतो म्हणून गाडी पुढे जाते. मला दाबले की ती मिठी सुटते आणि गिअर बदलता येतो. मला सोडले की मिठी पुन्हा बसते. आमच्या गाडीचे फ्लायव्हील दोन तबकड्यांचे होते, मधे स्प्रिंगा. इंजिनाचे हिसके त्या स्प्रिंगाच गिळून टाकत. त्याच्या जोडीचा क्लचही हलका होता, म्हणून मी मऊ होतो. लेकराने दाबले तरी खाली जायचो.

ही गाडी शहापूरच्या मधुकररावांनी वापरलेली घेतली. तरुणपणी ते शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, नावाजलेले धुरकरी, छकडा हाकणारे. बैल उधळले तरी त्यांच्या हातचे कासरे सुटत नसत. एका पटात छकडा उलटला आणि डावा पाय गुडघ्यात मोडला. हाड जुळले, जोर काही परत आला नाही. सायकल सुटली, बांधीच्या, म्हणजे धानाच्या वाफ्याच्या, अरुंद धुऱ्यावरून चालणे सुटले. मग गाडी आली, आणि घरात बसलेला माणूस पुन्हा हिंडू-फिरू लागला.

मी त्यांचा पाय जितका ओळखतो तितका त्यांच्या घरातलेही ओळखत नसतील. ते टाच टेकवायचे आणि तळव्याच्या बाहेरच्या कडेने मला तिरपे दाबायचे. त्यामुळे माझ्या रबराचा डावा कोपरा झिजून गुळगुळीत झाला. बाकीचे रबर होते तसेच राहिले.

दर गुरुवारी ते दुर्गाबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, नदीपलीकडे कारध्याला नेत. तिथे दुर्गाबाईंची मोठी बहीण गोदावरीबाई लकव्याने अंथरुणाला खिळलेली. तिचे केस फार लांब. ते धुऊन, तेल लावून विंचरायला धाकट्या बहिणीशिवाय कोणाला वेळ नव्हता.

"अजी, हळू चालवा ना. तेलाची शिशी लवंडते," दुर्गाबाई म्हणायच्या.

"लवंडू दे. म्हातारी गाडी आहे, तिलेही केस येतीन."

"तुमच्या टकलावर नाई आले आजवर, अन् गाडीले येऊन राहिले!"

पुलावर दोघेही हसायचे. ते माझे सुखाचे दिवस.

मागच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीत, शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर बांधीच्या चिखलात रुतला. मधुकररावांचा मुलगा संजीव मोठ्या मनाचा. त्याने दोर बांधला आणि गाडीने ट्रॅक्टर ओढायला घेतला. मला अर्धा दाबून, अर्धा सोडून त्याने इंजिन पिसाळवले. क्लच धड धरतही नव्हता, धड सुटतही नव्हता. जळका वास सुटला. ट्रॅक्टर निघाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण त्या दिवसापासून फ्लायव्हीलच्या स्प्रिंगा खडखडू लागल्या आणि क्लच घसरू लागला.

बापलेकांनी गाडी तुमसरला देवाजी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला आणि संजीवला खाली वाकवून दाखवले.

"स्प्रिंगा मेल्या, भाऊ. आता दोन रस्ते. हेच दोन तबकड्यांचं परत बसवा, गाडी मऊ राहीन, पन ओढाओढी सहन होनार नाई. नाई त मंग एकसंध भरीव चाक टाका अन् त्याच्या जोडीले तगडा क्लच. हत्ती बांधला तरी ओढीन. फक्त पेडल कडक येते." मग त्याने हात पुसत विचारले, "चालवते कोन?"

हाच तो प्रश्न होता, मित्रांनो.

"आता मीच चालवीन," संजीव म्हणाला. "बाबूजीले या वयात कायले तरास?"

हे तो प्रेमाने बोलला, याची साक्ष मी देतो. बाकड्यावर चहाचा ग्लास धरून बसलेल्या बापाकडे देवाजी वळला. "तुमी सांगा ना, बाबूजी. तुमची गाडी आहे."

मधुकररावांच्या घराची एक रीत आहे. कर्त्या पोराचा शब्द चार लोकांत खाली पडू द्यायचा नाही. मनातले घरी जाऊन बोलायचे. ते ग्लासात बघत म्हणाले, "पोरगा मनते तसं करा."

मला तोंड असते तर मी ओरडलो असतो, की माझ्या रबराकडे एकदा बघा! कोणाचा पाय, कसा, किती जोराचा, सगळे त्या झिजलेल्या कोपऱ्यावर लिहिलेले आहे! पण मी दाबले की खाली जाणारा आणि सोडले की वर येणारा. तिसरे काही मला येत नाही. काम झाल्यावर देवाजीने कौतुकाने ते जुने रबर उपटले, न बघताच भंगाराच्या डब्यात टाकले आणि नवे चढवले. "घ्या, पेडललेही नवी टोपी!" म्हणाला.

गाडी संजीवने घरी आणली. पहिल्याच गुरुवारी दुर्गाबाई शिशी आणि फणी घेऊन बसल्या. मधुकररावांनी माझ्यावर पाय ठेवला. पाय तोच, तिरपा, ओळखीचा. पण माझ्या पाठीमागे आता तगडा क्लच उभा होता. मी जागचा हललो नाही. त्यांनी दात आवळले. मी अर्धा गेलो आणि त्यांचा गुडघा थरथरू लागला. खाली जायची माझी केवढी इच्छा होती! पेडलला इच्छा असून काय उपयोग?

"गाडी बिघडली वाटते," ते म्हणाले.

"कालच त नवी होऊन आली ना जी?" असे म्हणून दुर्गाबाईंनी खाली पाहिले. थरथरता गुडघा त्यांना दिसला.  त्यांनी फणी बाजूला ठेवली, पुढे वाकल्या आणि आपला हात त्या गुडघ्यावर ठेवून दाबू लागल्या. दोघांनी मिळून मला खाली नेले. गिअर पडला. पण वर सोडताना गुडघा एकदम सुटला. गाडीने फाटकापर्यंत एक उडी घेतली आणि बंद पडली. शिशी लवंडली. या वेळी कोणी हसले नाही.

संध्याकाळी संजीवला कळले. तो पार खचला. "बाबूजी, तुमी तवाच काहून नाई सांगतलं?"

"चार लोकांत कसा सांगू, बेटा?"

"अन् घरी येऊन?"

"घरी येईवरी चाक बसून गेलं होतं."

"मी परत बदलून आनतो."

"राहू दे. गाडीले जोर आला, तुले कामाची आहे. मी कुठं जातो आता?"

संजीव दर रविवारी आईला नेईन म्हणाला. दोन रविवार नेलेही. मग धानाची कापणी आली, मळणी आली. हायवेवरच्या भरलेल्या ऑटोत दुर्गाबाई एकदा गेल्या आणि चक्कर येऊन परतल्या. मळणी उरकल्यावर संजीवसोबत त्या गाडीने कारध्याला पोचल्या तेव्हा गोदावरीबाईंची सून रूपा दारातच रडवेली उभी होती. केसांच्या गाठी सुटेनात, म्हणून तिने ते कानाजवळून कापले होते. परतताना दुर्गाबाई मागच्या सीटवर बसल्या होत्या. फणी पदरात तशीच होती.

आता गावात माझ्या गाडीचे नाव आहे. कोणाचे काही रुतले की संजीवला बोलावतात. संजीवचा पाय तरणा आहे. तो मला बरोबर मधोमध दाबतो. तक्रार करायला जागा नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूला तेलपाणी द्या, तिचे मोडलेले बदला, ते चांगलेच आहे. पण बदलण्याआधी ती कुठे झिजली आहे ते बघा. तिथे कोणाचा तरी हात असतो, कोणाचा तरी पाय असतो. त्या माणसाला एकट्यात नेऊन विचारा. आणि तो "काहीही चालेल" म्हणाला, तर दुसऱ्यांदा विचारा.

गुरुवारी दुपारी मधुकरराव अजूनही अंगणात येतात, दार उघडून आत बसतात आणि डावा पाय माझ्यावर ठेवतात. दाबत नाहीत, नुसता ठेवतात, तिरपा, बाहेरच्या कडेने. नव्या रबराचा डावा कोपरा अजून कोराच आहे. नुसत्या ठेवलेल्या पायाने रबर झिजत नाही.