माझे मागचे चाक

मी एक जुनी, काळी, दुधाच्या किटल्या वाहून झिजलेली सायकल आहे. मित्रांनो, म्हातारपणी सगळे गोड बोलू लागतात असे तुम्हाला वाटत असेल, तर तो समज आधी सोडा. मला राग आलेला आहे. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात आला, तो अजून उतरलेला नाही.

माझा जन्म लुधियानाचा. रेल्वेने परळीला उतरले, ट्रकने केजला आले आणि नांदूरघाटाकडच्या एका वस्तीवरच्या जालिंदरने मला घरी नेले. वस्तीवरचे दूध गोळा करून दोन कोसांवरच्या सहकारी सोसायटीत पोचवायचे, हे आमचे काम. दोन्ही अंगांना दोन किटल्या. कुरकुर केली असेल तर शपथ!

मग पावसाने सलग दगा दिला. शेतात काडी उरली नाही. अकरा घरांच्या चुली म्हशींच्या दुधावर पेटायच्या. टँकर आला की घरटी चार घागरी मिळत. पाण्याची एवढी किंमत मलाही कळते. पण त्यापायी वस्तीवर एक रीत पडली, पंक्चर कोरडीच शोधायची. ट्यूब कानाशी धरायची, हवेचा आवाज ऐकायचा आणि खात्री करायला तिथे थुंकी लावायची. थुंकी! अख्ख्या वस्तीचे दूध वाहणाऱ्या माझ्या अंगाला!

जालिंदर मला उलटी करून सीट-हँडलवर उभी करी आणि मागचे चाक काढी. नट इकडे, वायसर तिकडे, सगळे धुळीत. कानाला सापडेल ते भोक बुजवी, बाकीचे देवाच्या भरवशावर. बसवताना एखादा वायसर हमखास कमी भरे. मग चाक तिरके बसे, टायर दांडीला घासे, वाटेत हवा जाई. ढकलत नेईपर्यंत ऊन चढे आणि दूध नासे. असे दोनदा झाले. दोन्ही वेळा लाथ बसली ती मला. अरे, वाकडे तू बसवायचे आणि मार मी खायचा, हा कुठला न्याय?

सोसायटीच्या सेक्रेटरींनी, बबनरावांनी, त्याला बजावले, "जालिंदर, आणखी एक डाव दूध नासून आलं तर तुमच्या वस्तीचं दूध बंद. मग माझ्याकडं येऊ नको."

चारच दिवसांनी, भल्या सकाळी, मागची हवा पुन्हा गेलेली. बाया चरव्या घेऊन दारात उभ्या. जालिंदर ट्यूब चाचपत बसला आणि तोंडात थुंकी गोळा करू लागला. तेव्हा त्याची बायको सरूबाई पुढे झाली.

"अवो, म्हशीच्या डोणीतल्या पाण्यात बुडवून बघा की."

तिची सासू भिमाबाई कडाडली, "माणसाला प्यायला न्हाई, अन् सायकलीला आंघोळ घालती का गं?"

"आंघोळ कशाची, आत्याबाई? ट्यूब पुसून बुडवते. पाणी कुठं जातंय? तेच मागनं म्हस पेईल."

"बायामाणसानं पाना हातात घ्यायचा व्हय?" जालिंदर म्हणाला.

"तुमी दोनदा घेतला. काय झालं?"

त्याने पाना तिच्यापुढे सरकवला. सरूबाईने सूप आणले. चाकाच्या डाव्या अंगाचे नट-वायसर सुपात डावीकडे, उजव्या अंगाचे उजवीकडे, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडले. मग साखळी उतरवून चाक अलगद बाहेर घेतले. चमच्याच्या दांडीने टायर सोडवून ट्यूब काढली, पुसली, हवा भरली आणि म्हशीच्या दगडी डोणीत धरली. बुडबुडे आले, दोन ठिकाणांहून! एक भोक जालिंदरच्या कानाला महिनाभर सापडले नव्हते. दोन्ही बुजवून, टायरमधला बाभळीचा काटा उपटून तिने चाक परत चढवले. दोन्ही बाजूंना बोट घालून अंतर सारखे आहे का पाहिले, मगच नट आवळले. म्हशीने डोण चाटूनपुसून रिकामी केली. घोटभरही पाणी वाया गेले नाही.

त्या दिवशी मी पळाले! दूध ताजे पोचले आणि वस्तीचे दूध चालू राहिले.

बबनरावांनी माझे चाक गरकन फिरवून पाहिले. "लई सरळ बसलंय रे. कुणी बसवलं?"

"मीच की," जालिंदर म्हणाला.

सोसायटीच्या वर्षअखेरच्या सभेत, दूध वेळेवर पोचवल्याबद्दल, त्याला नारळ आणि टॉवेल मिळाला. टाळ्याही पडल्या. सरूबाई मागे बायांत बसली होती. तिनेही टाळ्या वाजवल्या. माझा नुसता संताप झाला, पण सायकलीला तोंड नसते.

मित्रांनो, सायकलीचे चाक जरूर घरी काढा. नट धुळीत फेकू नका, तिरके बसवून वर लाथ मारू नका. आणि कोणी विचारले तर खरे सांगा. इतकी वर्षे कोणी सांगितले नाही, म्हणून मी सांगते. ते चाक सरूबाईने बसवले होते.