वाघेऱ्याचा घाट एका दमात

दिवाळीच्या पाडव्याला निलोफर पिंजारी नाशिकमध्ये मोटरसायकल घ्यायला गेली, तेव्हा शोरूममधला सेल्समन तिला पंधरा मिनिटं स्कूटरच दाखवत होता. डिकी मोठी आहे, वजनाला हलकी आहे, हवा तर गुलाबी रंगही मिळेल. निलोफरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला रोज इंदिरानगरहून हरसूलला जायचंय. मध्ये वाघेऱ्याचा घाट आहे. ती एकशेसाठ सीसीची दाखवा."

हरसूलच्या जनावरांच्या दवाखान्यात ती पशुधन पर्यवेक्षक होती. पाड्यापाड्यांवर जाऊन लसी टोचायच्या, गाभण गाई तपासायच्या, हे तिचं काम. चार वर्षं तिने ते एसटी आणि काळीपिवळीच्या भरवशावर केलं होतं. शेवटची जीप चुकली की तिकडेच कुणाच्या तरी घरी मुक्काम. त्यामुळे गाडी ही गरज आहे, असं तिने घरी सांगितलं होतं. खरं तर हौसही होतीच.

गाडी दारात आली तेव्हा तिची आई, अनवरी, लांबूनच बघत म्हणाली, "एवढी जड! पडली तर उचलणार कोण?"

"अम्मी, बसलेली म्हैस उठवते मी," निलोफर म्हणाली.

वडिलांचं, खाजाभाईंचं, गाद्या भरायचं दुकान होतं. त्यांनी सीटवर तळहात दाबून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "हे सीट नाही, फळी आहे. रोज शंभर किलोमीटर यावर बसशील तर चाळिशीत कंबर जाईल." चार दिवसांनी त्यांनी फोमचा थर घालून, वर काळं रेक्झिन शिवून नवं कव्हर चढवलं. शिलाई इतकी सफाईची की कंपनीतूनच आल्यासारखं वाटावं.

पहिले हजार किलोमीटर भरले ते वाटेवरच्या गिरणाऱ्यात, टोमॅटोच्या क्रेटनी लादलेल्या पिकअपच्या मागे अडकलेली असताना. तिने मीटरचा फोटो काढून अब्बांना पाठवला. पाच हजार भरले त्र्यंबकच्या रस्त्यावर, तोही फोटो गेला. दहा हजार मात्र घाटमाथ्यावर भरावेत अशी तिची इच्छा होती. त्यासाठी मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिने दोन दिवस जरा वाकडी वाट करून हिशेब जुळवून आणला.

त्या दुपारी मीटरवर नऊ हजार नऊशे सत्त्याण्णव होते आणि घाटाची अर्धी वळणं मागे पडली होती. अचानक इंजिन बंद पडलं. कुणीतरी चावी फिरवावी तसं, एका क्षणात. सेल्फ मारला की गरगरायचं, पण पेट घेईना. पुढे चढ, वर ऊन. शेवटी तिने गाडी वळवली आणि उतारावर तशीच सोडून दिली. चावी चालू असल्यामुळे मीटर मोजत राहिलं. दहा हजार पूर्ण झाले ते घाटाच्या पायथ्याशी, इंजिन मेलेलं असताना. तिने फोटो काढला नाही. वीस मिनिटं झाडाखाली बसली, सहज बटण दाबलं, तर गाडी पहिल्या झटक्यात चालू.

तिथून सर्व्हिस सेंटरच्या खेपा सुरू झाल्या.

सर्व्हिस मॅनेजर अमोल देवरे इस्त्रीचा शर्ट घातलेला, मऊ बोलणारा माणूस होता. पहिल्या खेपेला त्याने विचारलं, "मॅडम, पेट्रोल कुठून भरता? खेड्यातल्या पंपावरचं असेल." दुसऱ्या खेपेला म्हणाला, "अर्धा क्लच दाबून चालवता का? लेडीजना सवय असते." तिसऱ्या खेपेला गाडी दोन दिवस ठेवून घेतली, धुऊन चकाचक परत दिली आणि जॉब कार्डवर लिहिलं: दोष आढळला नाही. ट्रायल कुठे घेतली, असं निलोफरने मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, "इथून मुंबई नाक्यापर्यंत, दहा मिनिटं जाऊन आलो ना."

चौथ्या खेपेला अमोल देवरेने सीटकडे बोट दाखवलं. "हे कव्हर आपलं नाही. बाहेरची वस्तू लावली की कंपनी क्लेम नाकारते. आता वॉरंटीचं मला काही सांगता येणार नाही."

"सीट कव्हरमुळे इंजिन बंद पडतं?"

"तसं नाही मॅडम. पण नियम आहे."

घरी आल्यावर हे ती सांगणार नव्हती, पण जॉब कार्डवर लिहिलेलं खाजाभाईंनी वाचलं. ते उठले, हत्यारं आणली आणि आपणच शिवलेलं कव्हर आपल्याच हातांनी उसवून काढलं. "आता बघ बंद पडते का," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी गाडी घाटात बंद पडली, अगदी आधीसारखीच. संध्याकाळी खाजाभाईंनी कव्हर परत चढवलं, आणि या वेळी दुहेरी शिलाई मारली.

पण खरा फटका बसला तो लसीकरण शिबिराच्या दिवशी. घाटाच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे. तिथल्या बचत गटाच्या प्रमुख ठमाबाईंनी लाळ्या-खुरकुताच्या लसीसाठी सत्तर जनावरं एका जागी आणून बांधली होती. निलोफर नाशिकहून लसीची बर्फाची पेटी मागे बांधून उन्हं चढल्यावर निघाली. घाटात गाडी दोनदा मेली. ती पोहोचली तेव्हा दुपार टळत आली होती. खुंट्यांना चारच जनावरं उरली होती, आणि पेटीत बर्फाचं पाणी झालं होतं.

लस टोचायला कुणी अडवलं नसतं. तिने पेटी बंद केली. "ही गरम झालीय, मावशी. टोचली तर टोचल्याचं समाधान होईल, पण उपयोग नाय व्हायचा."

ठमाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "तुझ्या शब्दावर मी समद्यांना रोजावर जाऊ दिलं नाय, डॉक्टरीणबाई. आता पुढल्या येळी कोण थांबंल?"

परतीच्या वाटेवर तिला राग आला, पण गाडीचा नाही. गाडी काहीतरी सांगत होती आणि कुणी ऐकून घेत नव्हतं. जनावर बोलत नाही, म्हणून काय डॉक्टर त्याला 'दोष आढळला नाही' म्हणून घरी पाठवतो? ताप कधी चढतो, किती वेळ राहतो, काय खाल्ल्यावर चढतो, हे लिहून काढायचं असतं. चार वर्षं ती तेच करत आली होती. मग इथे का नाही?

तिने एक वही सुरू केली. निघण्याची वेळ, ऊन किती, पेट्रोल कोणत्या पंपाचं, कुठे बंद पडली, किती मिनिटांनी चालू झाली. बारा दिवस न चुकता लिहिलं. तीन वेगवेगळ्या पंपांचं पेट्रोल घालून पाहिलं. बाराव्या दिवशी वही उघडून बसली तेव्हा चित्र स्वच्छ होतं. सकाळच्या गारव्यात गाडी कधीच बंद पडली नव्हती. दुपारी, तासभर सलग चालल्यावर, चढावर मात्र दरवेळी. आणि वीस ते पंचवीस मिनिटं थंड झाली की दरवेळी चालू.

शनिवारी ती वही घेऊन सर्व्हिस सेंटरला गेली. बाकड्यांवर सात-आठ गिऱ्हाईकं टीव्ही बघत बसली होती. अमोल देवरेने तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "मॅडम, पुन्हा?"

"पुन्हा. आणि आज गाडी सोडून जाणार नाही. तुम्ही माझ्याबरोबर यायचं."

"कुठे?"

"वाघेऱ्याच्या घाटात. तुम्ही चालवा, मी मागे बसते. म्हणजे क्लच तुमचा, पेट्रोल तुम्ही सांगाल त्या पंपाचं."

"मॅडम, आमची ट्रायलची पद्धत ठरलेली आहे."

"दहा मिनिटांची. देवरेसाहेब, ज्याला दुपारी ताप चढतो त्याला तुम्ही चार वेळा सकाळी तपासून घरी पाठवलंत." तिने वही काउंटरवर उघडून ठेवली. "हे बघा. यातली एक ओळ जरी खोटी निघाली तर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही."

एका गिऱ्हाइकाने टीव्हीचा आवाज बंद केला. दुसरा म्हणाला, "जाऊन या ना साहेब, आम्ही बसतो तोवर." अमोल देवरेने वहीची दोन पानं उलटली, मग तिसरं, मग चौथं. तो ते खरंच वाचतोय हे निलोफरच्या लक्षात आलं. त्याने आत जाऊन हेल्मेट आणलं आणि हत्यारांची एक छोटी पिशवी खांद्याला अडकवली.

गिरणाऱ्यापर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. घाट सुरू झाला तसा अमोल देवरे जरा खुलला. तीन वळणं झाली, चौथं झालं. तो मान मागे करून ओरडला, "बघा मॅडम! काही आहे का? मी म्हणत होतो ना, चालवण्याचा—"

आणि गाडी मेली.

तो दोन मिनिटं सेल्फ मारत राहिला. मग उतरला. उन्हात रस्ता तापला होता, शर्टाची इस्त्री पाठीला चिकटली होती. निलोफरने घड्याळ पाहून वहीत वेळ लिहिली.

अमोल देवरेने पिशवी उघडली. आयटीआय केलेला माणूस होता तो. सहा वर्षं टेबलामागे बसल्यामुळे पान्याची सवय गेली होती, पण हात विसरले नव्हते. त्याने स्पार्क प्लग काढून इंजिनला टेकवला. "बटण दाबा." निलोफरने दाबलं. ठिणगी नाही. "पुन्हा." नाही. तो उकिडवा बसून कितीतरी वेळ त्या प्लगकडे बघत राहिला. मग त्याने मोबाइलवर सगळ्याचा व्हिडिओ काढला, मीटरसकट. वीस मिनिटांनी पुन्हा बटण दाबायला सांगितलं, तर प्लगच्या टोकाला निळी ठिणगी कडकडून उडाली.

"सेन्सर," तो म्हणाला. "कधी ठिणगी द्यायची हे इंजिनाला सांगणारा सेन्सर. तापला की मरतो, गार झाला की जिवंत होतो. मुंबई नाक्याला जाऊन हा जन्मात सापडला नसता." मग तोंडावरचा घाम पुसत म्हणाला, "मॅडम, चुकलं माझं. चार वेळा गाडी आली, चारही वेळा मी कागदच बघितला."

त्याने तिथूनच कंपनीच्या साहेबाला फोन लावला, स्पीकरवर. सगळं ऐकून पलीकडून प्रश्न आला, "ते बाहेरचं सीट कव्हर असलेली हीच गाडी ना? मग क्लेम कसा करणार?"

निलोफरने तोंड उघडलं, पण अमोल देवरे आधी बोलला. "साहेब, त्या सीटवर बसून मी अर्धा घाट चढलोय. सीटला काही झालेलं नाही. ठिणगी सीटमधून येत नाही. व्हिडिओ पाठवतोय, क्लेम मी माझ्या सहीने टाकतोय."

आठ दिवसांनी सेन्सर आला. तो अमोल देवरेने स्वतः बसवला, आणि वॉरंटी सहा महिने वाढवून दिल्याचं पत्र सोबत दिलं. याच तक्रारीवरून परत पाठवलेल्या आणखी दोन गाड्या त्याने फोन करून बोलावून घेतल्या. दोन्हींमध्ये तोच सेन्सर निघाला. त्यातला एक गिरणाऱ्याचा दूधवाला होता. त्याने निलोफरचा नंबर कुठून तरी मिळवला आणि फोनवर पाच मिनिटं नुसता हसत होता. "ताई, मला म्हणायचे तू कॅन जास्त लादतोस!"

शिबिराची नवी तारीख पडली. ठमाबाईंना राजी करायला निलोफरला दोनदा पाड्यावर जावं लागलं. या वेळी ती मुद्दाम भर दुपारची निघाली. ऊन रणरणत होतं. गिरणारे गेलं, घाट आला. पहिली तीन वळणं ती श्वास रोखून होती. चौथ्या वळणावर, जिथे अमोल देवरे उकिडवा बसला होता, तिथे तिने गिअर खाली घेऊन जरा जास्तच रेस दिली. गाडी वर धावली. पाचवं, सहावं, सातवं. माथ्यावर वारा अंगावर आला तेव्हा ती हेल्मेटच्या आत मोठ्याने ओरडली. रस्त्याकडेच्या शेळ्या बिचकून पांगल्या.

पाड्यावर एकाहत्तर जनावरं बांधली होती. ठमाबाईंनी पेटीचं झाकण उघडून स्वतः बर्फाला बोट लावून पाहिलं. "हाय घट्ट," त्या म्हणाल्या, आणि मागे वळून आवाज दिला, "आणा रं पुढं! पुंजाचा बैल पयला धरा, त्यो लाथा मारतो."

संध्याकाळपर्यंत एकही जनावर लसीवाचून राहिलं नाही.

त्याच रविवारी निलोफर गाडी पुसत असताना अनवरी दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरची ओढणी घट्ट खोचलेली, हातात पाण्याची बाटली. "मला दाखव तो घाट," ती म्हणाली. "इतके दिवस घरात त्याचंच नाव ऐकतेय."

वर जाईपर्यंत अनवरीने लेकीचा खांदा इतका घट्ट धरला होता की बोटं उमटली. घाटमाथ्यावर निलोफरने गाडी बाजूला घेतली. खाली डोंगरांच्या रांगा, भाताची रिकामी खाचरं, लांबवर एक तळं चमकत होतं. अनवरी उतरली नाही. मागेच बसून इकडे-तिकडे बघत राहिली.

"हा रस्ता पुढे कुठे जातो?"

"हरसूल. तिथून जव्हारकडे."

"तू गेलीयेस तिकडे?"

"हरसूलच्या पुढे नाही."

अनवरीने बाटली दोघींच्या मध्ये घट्ट दाबून बसवली. "मग थांबलीस कशाला?"

निलोफरने बटण दाबलं.