मनोबल केंद्राची कडी

फालेसी नामाख्वाबाईंना शाळेत यायला उशीर होणे शक्यच नव्हते. डोळे उघडत तेव्हा त्या चौथीच्या वर्गातच असत. पहाटे चटई गुंडाळून मोडक्या फळ्यामागे लपवायची, अंगणात तीन दगडांवर मक्याची पेज शिजवायची आणि एकशे सव्वीस मुले येण्यापूर्वी आपण इथे राहतो याच्या साऱ्या खुणा पुसायच्या, हा अकरा आठवड्यांचा क्रम होता. वादळी पावसात टेकडी खाली आली, तेव्हा बाईंचे घर गेले. घरात आई होती. चौथीच्या हजेरीतली एकोणीस नावेही त्याच चिखलाखाली गेली. यांपैकी कुणासाठीही बाईंना मोठ्याने रडता आले नव्हते. दिवसभर मुले, संध्याकाळी धीर मागायला येणारे पालक, आणि वर्गाच्या दाराला कडी नाही.

आवारात कडीचे एक घर होते. शिक्षकांसाठी बांधलेले, रिकामे. बाईंनी ते तीनदा मागितले.

"बाई, त्याला आता रंग लागलाय," हेडमास्तर लिकोंग्वे म्हणाले. "तिथं शिक्षक मनोबल केंद्र होतंय."

"तिथं राहणार कोण, सर?"

"राहणार कोण म्हणजे? केंद्र आहे ते!"

दुःखिताला छप्पर द्यायचे नसेल, तर त्याच्या सहनशक्तीचा अभ्यास करावा, ही आपल्या विद्वानांची प्रतिष्ठित रीत. राजधानीहून डॉ. सुकाली तीस प्रश्नांची पत्रिका घेऊन आले. 'संकटातून मी लवकर सावरते': अजिबात नाही ते पूर्णपणे, असे पाच चौकोन.

आंब्याखाली सर्वांना जमवून लिकोंग्वेंनी बजावले, "खूण शेवटच्याच चौकोनात. गेल्या खेपेला एडिनाबाईंनी 'झोप येत नाही' असं खरं लिहिलं. अपात्र ठरवून वर्ग काढून घेतला की नाही?"

"अगं बाई," पाचवीच्या मेरियाबाई पुटपुटल्या, "म्हणजे झोपेचं औषध शेवटच्या चौकोनात आहे होय!"

निष्कर्ष डोळे दिपवणारा निघाला. आपत्तीनंतर एकही खाडा नाही, एक मिनिट उशीर नाही, अशी एक शिक्षिका या शाळेत होती. ती झोपते कुठे, हे विचारणारा रकाना तीस प्रश्नांत नव्हता. फालेसीबाई 'अढळ मनोबलाच्या आदर्श शिक्षिका' ठरल्या, आणि केंद्राचे दार त्यांच्याच हस्ते उघडायचे ठरले.

उद्घाटनाला साऱ्या शिक्षिकांना एकाच छापाची लुगडी मिळाली. त्यांवर अक्षरे होती: 'आम्ही खचत नाही'. ती कमरेला गुंडाळून, पाहुण्यांसमोर नाचायची रीत असते तशा त्या ढोलाच्या तालावर नाचत होत्या. फालेसीबाईंनी आपले लुगडे घडी न मोडता काखेत धरले होते.

"एवढं बळ आणता कुठून, बाई?" डॉक्टरांनी सर्वांदेखत विचारले. "एकही दिवस शाळा चुकली नाही!"

"मी शाळेत येतच नाही, सर. चौथीच्या फळ्यामागं राहते."

लोक हसले. मग गावकऱ्यांचे हसू विरले. डॉक्टरांचे विरले नाही.

"पाहिलंत? विनोदबुद्धी! हेही एक मानसिक संसाधन आहे," असे म्हणत त्यांनी किल्ली बाईंच्या हातात ठेवली.

बाईंनी कुलूप काढले. आत दोन खुर्च्या, एक कोरी चटई. त्या आत गेल्या, दार लोटले आणि कडी लावली.

"बाई, भाषणं व्हायचीत अजून!" लिकोंग्वे दार ठोठावू लागले. "पाहुणे उभे आहेत! नोकरी जाईल!"

"जाऊ दे, सर. पण हे दार मी आज उघडणार नाही."

आणि आतून आक्रोश उठला. आधी आईला मारलेली हाक. मग हजेरीच्या क्रमाने एकेक नाव, एकोणीस.

ढोल थांबला. मेरियाबाई पुढे झाल्या आणि दारापाशी मातीत पाय पसरून बसल्या, मयताच्या घरी बसतात तशा. त्यांच्यामागे एकेक करत साऱ्या बसल्या. कमरेवरची छापील अक्षरे धुळीला टेकली.

"या काय करताहेत?" डॉक्टरांनी विचारले.

"मयताला आलोय, सर," मेरियाबाई म्हणाल्या. "अकरा आठवडे उशीर झाला. तुम्ही पण बसा."

बसायला जमीन भरपूर होती. डॉक्टर वही हातात घेऊन उभेच राहिले.